नियमांचं पान कोणी फाडलं?

मारिओ खेळलायत ना? मग विटाही फोडल्या असतील. खालून उडी, डोक्याची धडक, वीट खल्लास. आता जरा बसून ऐका. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची मूळ गोष्ट अशी आहे की दुष्ट बाउझरने मशरूम राज्यातल्या गरीब बिचाऱ्या प्रजेवर जादू केली आणि तिला दगड, झुडपं आणि विटा बनवून टाकलं. ही जादू उलटवू शकते फक्त तिथली राजकन्या, म्हणून मारिओने तिला सोडवायचं. म्हणजे ज्यांना वाचवायला आपण निघालो होतो, त्यांनाच रस्ताभर फोडत गेलो!

हे माहीत नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. ही गोष्ट गेममध्ये कुठेच सांगितलेली नाही. ती होती गेमच्या डब्यात मिळणाऱ्या छापील पुस्तिकेत. आणि आपल्याकडे मारिओ डब्यातून आलाच नाही. तो आला नकली कन्सोलमधून, ‘इतके इन वन’ असं लिहिलेल्या कॅसेटमधून, जी चालेना झाली की काढून फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. त्यात पुस्तिका कुठली असणार? राजकन्या वाचवायची एवढी स्टोरी आपल्याला पुरली.

ज्यांच्याकडे डब्बा होता, पुस्तिका होती, त्यांच्याकडूनही ती आता गेली आहे. आज तुम्ही चार-पाच हजार मोजून एखाद्या मोठ्या गेमची डिस्क घ्या. डबी उघडा. एका बाजूला डिस्क आणि नशीब असेल तर कुठल्या तरी बोनसचा कोड छापलेला कागद. गंमत म्हणजे काही डब्यांना आतून पुस्तिका अडकवायच्या क्लिपा अजूनही असतात. खुंट्या आहेत, टांगायला काही नाही.

तुम्ही म्हणाल, गेली तर गेली. मॅन्युअल वाचतं कोण? मिक्सरचं वाचत नाही, फोनचं वाचत नाही. मुद्दा बरोबर आहे. पण गेमचं मॅन्युअल मिक्सरच्या मॅन्युअलसारखं नव्हतं, हे आधी समजून घेऊ.

सुरुवात जागेच्या टंचाईपासून. अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीत मावलेला आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो याहून जड असतो. एवढ्याशा जागेत उड्या, शत्रू, गाणं बसवल्यावर गोष्ट सांगायला जागाच उरायची नाही. मग गोष्ट कागदावर गेली. अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीने १९८२ मध्ये ‘डेडलाइन’ नावाचा खुनाच्या तपासाचा गेम काढला. नुसत्या अक्षरांचा गेम, चित्र एकही नाही. डिस्कवर सगळा मजकूर मावेना, म्हणून त्यांनी डब्यातच पोलिसांची फाइल घातली. जबाब, अहवाल, घटनास्थळी सापडलेल्या गोळ्यांची पुडीसुद्धा. खेळणारा कीबोर्डला हात लावायच्या आधीच डिटेक्टिव्ह झालेला असायचा.

मग हे लोक रंगातच आले. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘द लीजंड ऑफ झेल्डा’सोबत घडीचा नकाशा मिळायचा, तोही मुद्दाम अर्धवट. उरलेला तुम्ही हिंडून भरायचा. ‘फॉलआउट’चं १९९७ चं मॅन्युअल म्हणजे अणुयुद्धानंतर जमिनीखाली राहणाऱ्यांसाठीचं सरकारी माहितीपत्रक असावं तसं लिहिलेलं, शेवटी चक्क पाककृती. ‘जीटीए व्हाइस सिटी’चं तर टुरिस्ट गाइडच्या थाटात, सोबत शहराचा पोस्टरएवढा नकाशा. आणि लढाऊ विमानाचा गेम ‘फाल्कन ४.०’ (१९९८) घ्याल तर सुमारे सहाशे पानांची फाइल. आपल्या सेमिस्टरचा अख्खा पोर्शन एवढा नसतो!

माझं सगळ्यात आवडतं मात्र १९८९ च्या ‘सिमसिटी’चं. शहर वसवायचा गेम. त्याच्या मॅन्युअलमध्ये बटणांची माहिती होतीच, पण शहरं कशी जन्मली, नगररचना म्हणजे काय, यावर क्लिफ एलिस यांचा एक आख्खा निबंधही होता. म्हणजे रस्ते आखायच्या आधी रस्ते का आखतात ते वाचा. हे मॅन्युअल लिहिणारे मायकल ब्रेमर यांनी पुढे मॅन्युअल कसं लिहावं यावरच पुस्तक लिहिलं. मास कॉमवाल्यांनो, ही नोकरी होती! कुणीतरी रोज ऑफिसात जाऊन हे लिहीत होतं, कुणी त्यातली चित्रं काढत होतं. आपल्या सिलॅबसमध्ये टेक्निकल रायटिंगचं युनिट असतं, ते आपण परीक्षेच्या आदल्या रात्री गुंडाळतो. ते लिखाण असंही असू शकतं हे कुणी सांगत नाही.

आणि हा संवाद एकतर्फी नव्हता. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीच्या पुस्तिकेत गेम बनवणारा माणूस स्वतःच्या नावानिशी तुम्हाला चार टिप्स द्यायचा. १९८२ च्या ‘पिटफॉल’मध्ये २०,००० गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा, पोस्टाने कंपनीला पाठवायचा, आणि ते तुम्हाला कापडी बिल्ला पाठवायचे. शिवून घ्या जॅकेटवर, मिरवा. स्क्रीनशॉट टाकून स्टोरी लावण्याचं आजोबा व्हर्जन.

इथवर सगळं गोड गोड वाटेल. तसं नव्हतं. मॅन्युअल हे कुलूपही होतं.

कॉपी रोखायची म्हणून कंपन्या गेम सुरू करताना मॅन्युअलमधला प्रश्न विचारायच्या. ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) मध्येच थांबवून विचारायचा की अमुक शोधाच्या आधी कुठले शोध लागावे लागतात. उत्तर पुस्तकात. ‘सिमसिटी’सोबत गडद लाल कागद होता, त्यावरच्या खुणा झेरॉक्समध्ये काळ्या ठिक्कर पडाव्यात म्हणून. ‘मंकी आयलंड’ (१९९०) मध्ये पुठ्ठ्याच्या दोन चकत्या फिरवून समुद्री चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि त्यातून वर्ष शोधायचं. मजेशीर आहे, पण शेवटी कुलूपच. आणि ‘स्टारट्रॉपिक्स’ने (१९९०) तर कहर केला. डब्यात काकांचं पत्र. गेममध्ये एका टप्प्यावर सांगतात की पत्र पाण्यात बुडवा. खरंच बुडवायचं! मग कागदावर आकडा उमटतो, ७४७. तो टाकल्याशिवाय पाणबुडी पुढे जात नाही. आता ज्याने हा गेम भाड्याने आणला, सेकंडहँड घेतला, त्याने काय करायचं? बसायचं तसंच.

भाड्यावरून आठवलं. अमेरिकेत ब्लॉकबस्टर ही व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी मोठी साखळी होती, ती गेमही भाड्याने द्यायची. पुस्तिका हरवायच्या, म्हणून दुकानं त्यांच्या झेरॉक्स काढून द्यायची. १९८९ मध्ये निन्टेंडोने त्यांना कोर्टात खेचलं. गेम भाड्याने दिला म्हणून नव्हे, पुस्तिकेची झेरॉक्स काढली म्हणून! प्रकरण पुढे कोर्टाबाहेर मिटलं. पण बघा, त्या चार पानांची किंमत कंपनीला किती होती.

आपण या सगळ्या गोष्टीत कुठे होतो? कुलपाच्या बाहेर. आपल्याकडे गेम पोहोचला तो नकली कॅसेटमधून, पदपथावर पन्नास-शंभर रुपयांना मिळणाऱ्या कॉपी सीडीतून, सायबर कॅफेच्या आधीच लोड केलेल्या कॉम्प्युटरवरून. मॅन्युअलचं काम करायचा कुणीतरी दादा. बिल्डिंगमधला, मामाच्या गावचा, ट्यूशनमधला. ‘कॉन्ट्रा’त तीसच्या तीस लाइफ कशा घ्यायच्या, ‘व्हाइस सिटी’त रणगाडा कसा आणायचा, हे सगळं तोंडी. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर, गणिताच्या कच्च्या कामाच्या शेजारी. तो दादा निम्मं चुकीचं सांगायचा, पण छातीठोक सांगायचा. त्यामुळे मॅन्युअल गेल्याचा जो गळा काढणारा सूर अमेरिकन गेमर्स लावतात, तो जसाच्या तसा आपण लावला तर खोटा वाटेल. जे आपल्याकडे नव्हतंच ते गेलं म्हणून रडायचं कसं?

आणि गेलं त्याला कारणंही पटणारी होती. गेम पूर्ण व्हायच्या आधीच पुस्तिका छपाईला द्यावी लागायची, मग शेवटच्या क्षणी काही बदललं की छापलेलं चूक. इंटरनेटवरून पॅच यायला लागले, तेव्हा तर पहिल्याच दिवशी पुस्तक जुनं. गेम डाउनलोड करून घ्यायची सवय लागल्यावर डबाच राहिला नाही. त्यात २०१० मध्ये युबीसॉफ्टने जाहीर केलं की आम्ही आमच्या प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० गेममधून कागदी मॅन्युअल काढून टाकतोय, पर्यावरणासाठी. एक टन कागदाला सरासरी १३ झाडं लागतात असा त्यांचा हिशोब. झाडं वाचली असतील, छान. छपाईचा खर्चही वाचला, त्याबद्दल मात्र प्रेस नोट निघाली नाही तरी आपल्याला कळतं.

आणखी एक. खेळता खेळता शिकवणारा ट्युटोरियल अनेकांसाठी मॅन्युअलपेक्षा चांगलाच आहे. ती पुस्तकं इंग्रजीत किंवा जपानीत. मराठी शाळेतल्या पाचवीच्या पोराला सहाशे पानांच्या फाइलचा काय उपयोग? त्याला पडद्यावर चमकणारं बटण दिसलं की समजतं. हे मान्य करूनच पुढचं बोलते.

कागद गेला याचं मला फार वाईट वाटत नाही. कागदासोबत दुसरं काय गेलं, त्याबद्दल बोलायला हवं.

गल्ली क्रिकेट आठवा. पहिला बॉल पडायच्या आधी काय होतं? नियम. मोठ्याने, सगळ्यांसमोर. ‘जोशींच्या भिंतीला लागला तर फोर. कंपाउंडबाहेर गेला तर आउट, आणि आणायचाही त्यानेच. वन टप्पा वन हँड आउट. ट्राय बॉल एकच.’ हे झालं गल्लीचं मॅन्युअल. तोंडी असलं तरी खेळाआधी ठरलेलं आणि सगळ्यांना सारखं. मग मध्येच ज्याची बॅट आहे तो म्हणतो, ‘आजपासून ही भिंत धरायची नाही.’ आणि आपण काय म्हणतो? चीटिंग!

छापील मॅन्युअल म्हणजे बॅटवाल्याने आधीच लिहून दिलेला कागद होता. या शस्त्राची ताकद एवढी, या जादूला एवढे गुण, एवढ्या पैशांत एवढा गेम, संपला. छापल्यावर त्यालाही बदलता येत नव्हतं. आज तुम्ही फोनवर जे खेळता त्याचा असा कागद कुठे आहे? ट्युटोरियल तुम्हाला बटणं शिकवतो. पळा, वाका, गोळी मारा, आणि हे बघा दुकान, इथे टॅप करा. दुकानाचे नियम तो शिकवत नाही.

२०१७ चं ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ प्रकरण घ्या. पूर्ण पैसे भरून घेतलेला गेम, पण डार्थ व्हेडर म्हणून खेळायचं तर ६०,००० क्रेडिट कमवा. ते खेळून कमवायला इतका वेळ लागणार की लोक भडकले. ऑनलाइन एवढी बोंब झाली की ईए कंपनीने किंमत एकदम ७५ टक्क्यांनी खाली आणली, ६० हजारांचे १५ हजार. लोक जिंकले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण यात भीतीदायक काय आहे बघा. तीन चतुर्थांश किंमत एका फटक्यात उतरवता येते, म्हणजे तशीच चढवताही येते. ‘हे तर पान अमुकवर छापलंय’ असं म्हणायला आपल्याकडे पानच नाही.

लूट बॉक्सचंही तेच. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. कुठली वस्तू निघण्याची शक्यता किती, हा खेळाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम. लुडोच्या फाशावर सहाच्या जागी काय कोरलंय हे माहीत असावं, इतका साधा. तो कंपन्यांनी आपणहून सरसकट सांगितला नाही. २०१७ मध्ये चीन सरकारने नियम करून ही टक्केवारी जाहीर करायला लावली, त्याच वर्षअखेरीस अ‍ॅपलनेही आपल्या अ‍ॅप स्टोअरसाठी तशी अट घातली. म्हणजे जे पान एकेकाळी डब्यात फुकट यायचं, ते मिळवायला आता सरकार लागतं.

आणि शेवटी खुद्द गेमच. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. कंपनी तीच, युबीसॉफ्ट, २०१० मध्ये मॅन्युअल बंद करणारी. ३१ मार्च २०२४ ला त्यांनी सर्व्हर बंद केले. हा गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे, ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांच्या हातात गोल चकती उरली. डिस्क आहे, डबी आहे, गेम नाही. यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी राहिली आणि विकलेला गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडा, या मागणीवर युरोपात दहा लाखांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना ग्राहक मालक होत नाही, त्याला फक्त परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगा.

परवान्याचा मजकूर सांगितलेला असतोच म्हणा. ‘आय अ‍ॅग्री’च्या वर. आपण स्क्रोल करून खाली जातो आणि टॅप करतो. गेमसोबत येणारं लांबलचक लिखाण आजही आहे की! फक्त आधी ते लेखक तुमच्यासाठी लिहायचा, आता वकील कंपनीसाठी लिहितो. मला कुणी विचारलं मॅन्युअल कुठे गेलं, तर मी या टर्म्स अँड कंडिशन्सकडे बोट दाखवीन.

काही जण उलट दिशेनेही निघालेत. कॅनडाच्या अँड्र्यू शोल्डिस यांचा ‘ट्युनिक’ (२०२२) जरूर खेळा, निदान बघा. एक छोटा कोल्हा, मोठं बेट, आणि जागोजागी पडलेली मॅन्युअलची पानं. ती गोळा करायची. पण त्यातला बराचसा मजकूर एका बनावट लिपीत! चित्रं बघून, खुणा बघून अंदाज बांधायचा. लहानपणी वाचता न येणाऱ्या पुस्तिकेकडे तासन् तास बघताना जे वाटायचं, ते यात पकडलंय. आपल्यातल्या कित्येकांनी इंग्रजी पडदा असाच वाचलाय, ‘कंटिन्यू’ म्हणजे वरचं बटण आणि ‘एक्झिट’ म्हणजे खालचं. आणि त्यातली खरी कमाल ही की पान सापडल्यावर कळतं, अमुक शक्ती तर पहिल्या मिनिटापासून आपल्याकडे होती. कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्यातले बरेच जण इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून गेम करताय, गेम जॅममध्ये दोन रात्री जागताय. त्या गेमसोबत एक पान लिहा. पीडीएफ चालेल. मराठीत लिहा. कोण काय करतं, गुण कसे मिळतात, पेटीतून काय निघतं आणि कितीदा, नेट नसेल तर गेम चालेल का. लिहायला बसलात की तुमच्याच गेममधला एखादा नियम तुम्हाला सांगायची लाज वाटेल. तो नियम काढून टाका. लिहिता येत नसेल तर कॉलेजातल्या मास मीडियाच्या पोरांना पकडा, आम्हाला पोर्टफोलिओ हवाच असतो.

आणि जे नुसते खेळता, त्यांनी या रविवारी घरातला माळा उघडा. दादाचा, मामाचा जुना कन्सोलचा खोका असेल तर तळाशी हात घाला. २०१० च्या आधीच्या अमेरिकी गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात निघालं. गेमची ही गत, तर कागदाला कोण विचारतो? तिकडच्या हजारो मॅन्युअल्सची स्कॅन्स लोकांनी घरबसल्या इंटरनेट आर्काइव्हवर चढवलीत. आपल्याकडच्या नकली खोक्यात पुस्तिका नसेलही. पण एखादी घडी पडलेली चिठ्ठी, गेमची यादी, किंवा ती शाळेची वही, जिच्या शेवटच्या पानावर दादाच्या अक्षरात चीट कोड आहेत, ती नक्की असेल. सपाट करून स्कॅन करा. पानाच्या चारही कडा दिसू द्या, आणि गणिताचं कच्चं काम क्रॉप करू नका.